जुना ट्रॅक्टर घेताना क्लच आधी तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आवारातील गवत कापणे आणि कच्चा रस्ता सपाट ठेवणे एवढ्या दोन कामांसाठी कमी खर्चात जुना ट्रॅक्टर शोधणारे बहुतेक जण आधी अश्वशक्ती विचारतात आणि मग रंग पाहतात. त्याआधी पाहायची गोष्ट म्हणजे पीटीओ (मागच्या अवजाराला इंजिनाची ताकद देणारा फिरता दांडा) आणि क्लच यांची जोडणी. तिच्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अनेक जुन्या ट्रॅक्टरांत एकच क्लच असतो. तो दाबला की इंजिनाशी असलेली जोडणी सुटते. पण चाके आणि पीटीओ गिअरबॉक्समधून एकमेकांना जोडलेलेच राहतात, त्यामुळे मागच्या रोटरी मोअरची (गवत कापायच्या यंत्राची) वेगाने फिरणारी जड पाती थांबता थांबता ट्रॅक्टरलाच पुढे ढकलत नेतात. माझा पहिला ट्रॅक्टर क्लच पूर्ण दाबलेला असतानाही कुंपणावर जाऊन आदळला, तेव्हा मला हे कळले. पीटीओवर ओव्हररनिंग कपलर (ताकद फक्त ट्रॅक्टरकडून मोअरकडे जाऊ देणारा जोड) बसवला की हा धोका टळतो. तरीही दाट गवतात ट्रॅक्टर क्षणभर थांबवायचा म्हटले की पातीही मंदावतात, ही अडचण उरतेच. डबल क्लचच्या ट्रॅक्टरात पॅडल अर्धे दाबल्यावर फक्त चाके थांबतात आणि कापणी चालू राहते. गवत हेच मुख्य काम असेल, तर थोडे जास्त पैसे मोजून असाच ट्रॅक्टर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोअरच्या रुंदीच्या दर फुटामागे पीटीओवर साधारण ५ अश्वशक्ती धरावी, म्हणजे ५ फुटी मोअरला २५ पुरते. सपाटीकरणाला मात्र ताकदीपेक्षा वजन, टायरची पकड आणि अगदी संथ चालणारा गिअर लागतो; हलका ट्रॅक्टर माती सपाट करणारी ब्लेड ओढताना जागीच चाके फिरवत बसतो. ब्लेड हव्या त्या उंचीवर स्थिर राहिली नाही तर रस्त्यावर लाटा उठतात, म्हणून ब्लेड उचलून इंजिन बंद करावे आणि ती किती लवकर खाली येते ते पाहावे.

ट्रॅक्टर पाहायला गेल्यावर इंजिनाला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी, कारण गरम इंजिन चालू होण्यातली खोड लपवते. गिअरबॉक्सचे तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. आवर मीटर (इंजिन किती तास चालले ते दाखवणारे) बदलता येते. झिजलेले पॅडल आणि लिंकेजची (अवजार जोडायच्या दांड्यांची) लांबट झालेली भोके खरे वय सांगतात. सुटे भाग मिळतात का, हे सौद्याआधीच विचारावे.

उतारावर काम करायचे असेल, तर रोल बार (ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी चौकट) आणि सीट बेल्ट नसलेला ट्रॅक्टर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक