पिकप घ्यायची की नाही, बाबू, आधी हे वाच

बाबू,

तू पाठवलेले फोटो बघितले, व्हिडिओ पण परत परत लावून बघितला. फोनवर तुझा एकच प्रश्न, दोन लाख चाळीस हजार किलोमीटर झालेली गाडी घ्यावी का? तिथे घाईत बोलून अर्धं राहून जातं म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय, निवांत वाच.

पहिली गोष्ट, किलोमीटरला घाबरू नको. 2016 ची बोलेरो पिकप, धंद्याची गाडी, वर्षाचे तीनशे दिवस रोज शंभर किलोमीटर धरले तरी आठ वर्षांत दोन लाख चाळीस हजार होतात. कामाच्या गाडीचा आकडा असाच असतो. उलट ह्याच सालाची गाडी कोणी सत्तर हजार म्हणून दाखवली तर मी आधी संशय घेईन, कारण मीटर मागे करून देणारे आहेत. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टेअरिंग, गिअरची मूठ, ड्रायव्हरची सीट, ह्यांची झीज मीटरशी जुळते का ते बघायचं.

आणि उभी असलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त खराब होते हे आपल्या डिचोलीच्या माणसाला कोणी शिकवायला नको. 2012 ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा तू लहान होतास, पण रस्त्याच्या कडेला, माळावर, घरांच्या पाठीमागे खनिज वाहणारे टिप्पर लायनीत उभे होते ते तुला आठवत असेल. कमी चाललेले, बऱ्यापैकी नवे टिप्पर होते त्यात. दोन पावसाळे गेले आणि टायरांना चिरा पडल्या, ब्रेक जाम झाले, बॅटऱ्या गेल्या, उंदरांनी वायरिंग खाल्लं, माल भरायच्या हौद्याचा पत्रा पापडी होऊन सुटायला लागला. त्यामुळे कोण रोज चालवून वेळेवर ऑइल बदलून दोन लाखांवर गेलेली गाडी विकत असेल तर ती मी आनंदाने बघायला येईन.

मग ही का नको म्हणतोय ते ऐक.

तू पाठवलेला हौद्याचा तिसरा फोटो मोठा करून बघ. मागच्या फाळक्याच्या सांध्यात पांढरे बारीक कण अडकलेत, ते मासळीच्या पेट्यांचं थर्माकोल आहे. म्हणजे ही गाडी मासळीची आहे, शापोऱ्याच्या धक्क्यावरून असो की आणखी कुठून. मासळीचा बर्फ वितळला की खारट पाणी फळीतून खाली झिरपतं, चेसीवर म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटवर, ब्रेकच्या पाइपवर पडतं आणि ते रोज. वरून आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि किनाऱ्याची खारी हवा. पुढचा फोटो बघ, खालून घेतलेला. पुढची चेसी मातीने भरलेली, धुरकट, आणि मागच्या ॲक्सलच्या वरचा हातभर भाग मात्र कोरा काळा चकचकीत. एवढाच भाग कोणी हौसेने रंगवत नाही. खाली गंज असणार नाहीतर पट्टी मारून वेल्डिंग केलेलं असणार. इंजिन खोलून नवीन करता येतं, क्लच बदलता येतो, चेसी खाल्ली गेली की त्यावर पैसा घालण्यात अर्थ नाही, आणि तू ह्याच गाडीत भाजी भरून बेळगावहून चोर्ला घाट उतरणार आहेस. म्हणून माझं मन होत नाही.

चेसी नंबर पण हाताने पुसून वाचून बघायचा असतो. गंजाने अक्षरं गेली असली की आरटीओत पासिंगला अडवतात, आणि आठ वर्षं उलटलेल्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी करावा लागतो, म्हणजे ही कटकट एकदाची नाही.

दुसरी गाडी बघायला जाशील तेव्हा सकाळी लवकर जा आणि मालकाला आधी सांग, स्टार्ट करून ठेवू नको. बॉनेटवर हात ठेव, गरम लागलं तर समज, आधीच चालू करून ठेवलीय. थंड इंजिन अर्ध्या-एक सेल्फमध्ये उठलं पाहिजे. जोरात एक्सलेटर दिल्यावर थोडा काळा धूर जुन्या डिझेलला चालतो, निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा येत राहिला तर ती सोडून दे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढ, तिथून भकाभका वाफ मारत असेल तर पिस्टन-रिंगा संपल्यात. मग रिकामी नाही, वजन घालून चढावावर चालव, गिअर सुटतो का, क्लच घसरतो का, मागे ॲक्सलचं हाउजिंग ओरडतं का, हे रिकाम्या गाडीत कळत नाही. टायर एका बाजूने झिजलेले असतील तर का ते विचार. आणि एक छोटी हातोडी घेऊन चेसी मागून पुढे ठोकत ये, आवाज बसका आला की तिथे खरवड.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत) आणि कर्ज उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या. एमएच किंवा केएची गाडी असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी, फॉर्म 28. जुनी दंडाची चलनं बघून घे. आरसीवरचं एकूण वजन तीन हजार किलोच्या वर असेल तर परमिट लागतं, त्याच्या आत लागत नाही. इन्शुरन्स चौदा दिवसांत तुझ्या नावावर करायचा. नाव बदलायला आळस करू नको, नाहीतर उद्या अपघात झाला तर भांडण जुन्या मालकाच्या दारात जातं आणि क्लेम अडकतो.

पैशांचं मला जास्त वाटतं. सव्वाचार लाख मागतोय, तुझे तीन जमलेत, वरच्यासाठी लोन काढतो म्हणालास. जुनी गाडी घेतली की पहिल्या सहा महिन्यांत टायर, बॅटरी, क्लच, पाटे, ह्यातलं काहीतरी निघतंच, तेव्हा साठ-सत्तर हजार बाजूला राहिलेच पाहिजेत. सगळे घालून गाडी घेतलीस आणि घाटात क्लच गेला तर गाडी गॅरेजमध्ये, भाजी कुजली, हॉटेलवाला दुसऱ्याला ऑर्डर देणार, आणि हप्ता मात्र तारखेला हजर. खाणी बंद झाल्यावर हेच झालं होतं लोकांचं, ट्रिपा थांबल्या, हप्ते थांबले नाहीत. आईने तिच्या पाटल्या गहाण ठेवायला काढून ठेवल्यात, तुला सांगितलं नसेल तिने. चांगली गाडी मिळाली तर मी पण तिला अडवणार नाही, पण ह्या गाडीसाठी नाही.

छोटी नवीन गाडी घ्यावी हा पण विचार करून बघितला. नुसतं म्हापसा ते कळंगुट-बागा हॉटेलांना माल पोचवायचा असता तर मी तीच घे म्हटलं असतं. पण पाऊण टनाच्या गाडीत दीड टन भाजी भरून घाट करणं म्हणजे नवीन गाडी दोन वर्षांत जुनी करणं. तुझ्या कामाला पिकपच पाहिजे, तुझं चुकत नाही.

गॅस सिलिंडर, बेकरी, किराणा वाहणाऱ्यांकडे विचार, सुका माल वाहिलेली गाडी खालून बरी असते. साखळी गावात एकाची आहे म्हणून ऐकलंय, किलोमीटर हिच्याहून जास्त आहेत पण मालक स्वतः चालवतो, मी उद्या बघून येतो. ह्या माणसाला टोकन दिलं नसशील तर देऊ नको, दिलं असशील तर किती ते मला आज रात्रीच सांग, आणि आरसीचा फोटो पण पाठव.

बाबा