खडूने आखलेली खोली : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

चीनचा इतिहास आणि समाज या विषयावर आपण सलग चार रविवारी आमच्या वाचनालयात जी व्याख्याने दिलीत, त्यांचे आभारप्रदर्शन माझ्याकडे होते. शाल-श्रीफळ आणि छायाचित्रांच्या गडबडीत ते दोन वाक्यांत उरकावे लागले, म्हणून हे पत्र.

आम्हा सोलापूरकरांना चीन म्हटले की १९३८ साली वैद्यकीय पथकातून तिकडे गेलेले आणि १९४२ मध्ये तिथेच निवर्तलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात आणि आमचे कुतूहल बहुधा तिथेच थांबते. आपण त्यांचे स्मरण करून लगेच चिनी बादशाहीत सरकारी अधिकारी निवडण्यासाठी होणाऱ्या परीक्षेच्या विषयाकडे वळलात, तेव्हा मागच्या रांगांत थोडी चुळबुळ झाली होती, हे कबूल करतो.

ती चुळबुळ दुसऱ्या रविवारी थांबली. ऐन रंगात वीज गेली, पडद्यावरची चित्रे नाहीशी झाली आणि आपण खडू मागवून फरशीवर तीन फूट रुंद, चार फूट खोल अशी चौकट आखलीत. नानजिंगच्या परीक्षागृहात अशा वीस हजारांहून अधिक खोल्या होत्या, उमेदवार तीन टप्प्यांत मिळून नऊ दिवस तिथेच लिही, रांधी आणि झोपे, दोन फळ्यांपैकी एक दिवसा मेज होई, दुसरी आसन, आणि रात्री दोन्ही एका पातळीवर आणल्या की अंथरूण, हे आपण सांगत असताना आमचे सहा फुटी कार्यवाह त्या चौकटीत पाय दुमडून बसले होते. सभागृह हसले, पण अक्षर ओळखून पक्षपात होऊ नये म्हणून प्रत्येक उत्तरपत्रिका कारकुनांकडून लाल शाईने पुन्हा लिहून घेत, हे ऐकल्यावर कोणी हसले नाही. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी बरीच मुले त्या दिवशी आली होती.

सुमारे तेराशे वर्षे चालून १९०५ साली बंद झालेल्या या पद्धतीचे आपण नुसते गोडवे गायला नाहीत, याचे मला विशेष वाटते. स्त्रियांना तिथे प्रवेशच नव्हता, आणि वर्षानुवर्षे न कमावता अभ्यास करू शकणारा मुलगा बहुधा खात्यापित्या घरचाच असे, हे आपण स्पष्टपणे सांगितलेत. त्याच धाग्याने आपण पुढे १९७७ पर्यंत आलात. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली विद्यापीठ प्रवेश परीक्षा त्या हिवाळ्यात पुन्हा झाली, सुमारे सत्तावन्न लाख जण बसले, आणि प्रवेश मिळाला तो जेमतेम पावणेतीन लाखांना. प्रश्नपत्रिकांना कागद पुरेना, तेव्हा माओंच्या निवडक लेखनाच्या पाचव्या खंडासाठी राखलेला कागद वापरला गेला, हा तपशील मी घरी तीनदा तरी सांगितला असेल.

कुटुंबाच्या नोंदणीच्या गावाशी माणसाला बांधणारी १९५८ ची व्यवस्था आपण समजावून दिलीत, तेव्हा आमच्या शहराच्या पूर्व भागातील एक गृहस्थ उठले. त्यांचे आजोबा तेलंगणातून मागावर काम करण्यासाठी इथे आले होते. शहरात राबणाऱ्या मजुराच्या मुलाला विद्यापीठ प्रवेश परीक्षेसाठी पुष्कळदा मूळ प्रांतात परतावे लागते, हे ऐकून त्यांनी विचारले, "मग आई-बाप कुठे राहतात?" अनेकदा शहरातच, असे आपण म्हणालात आणि क्षणभर थांबलात. चार व्याख्यानांतले ते सर्वांत छोटे उत्तर माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

शेवटच्या रविवारी, चिनी बागांमधून वृद्ध माणसे लिहितात तसे, आपण मुलांकडून अंगणातल्या शहाबादीवर पाण्याने 'युंग' हे अक्षर काढून घेतलेत. त्याचा अर्थ 'सदैव', आणि सुलेखनाचे आठही मूळ फटकारे त्यात येतात. आमच्या उन्हात ते अर्ध्या मिनिटात वाळत होते आणि मुले पुन्हा पहिल्या फटकाऱ्यापासून सुरुवात करीत होती. आपला एक कुंचला माझ्या नातीकडे राहिला आहे. गच्चीवर तिचा सराव चालू आहे, त्यामुळे तो इतक्यात परत पाठवता येईल असे दिसत नाही, क्षमा असावी.

आपला कृतज्ञ,
वाचनालयाचा एक सभासद, सोलापूर