घाटमाथ्यावरचा कागद

पुणे, 29 जून

प्रिय दिन्या,

दोन वर्षांत तुला धड एक पत्र नाही. दर वेळी फोनवर "निवांत बोलू रे" म्हणायचं आणि ठेवून द्यायचं, हे मला शोभत नाही. तेव्हा आधी माफ कर. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तू मधेच तोंड घालतोस आणि मग मूळ गोष्ट राहून जाते. सगळं वाचून घे, मग हवा तेवढा ओरड. माझी तब्येत बरी आहे. साखर थोडी वाढलीय, गोळी चालू आहे.

गेल्या रविवारी बारशाला चिपळूणला निघालो होतो. एकटाच होतो. हेळवाक सोडलं आणि धुकं असं उतरलं की पुढच्या ट्रकचे दिवेही दिसेनात. घाटमाथ्यावर मावशीच्या खानावळीच्या पत्र्यातून धूर निघताना दिसला आणि गाडी आपोआप डावीकडे वळली. शेवटचं कधी गेलो होतो तिथं? तिचे यजमान, आपले आप्पा, गेले तेव्हा, तेही तू ओढून नेलंस म्हणून.

ती चुलीपुढे पाठमोरी होती. मी "मावशी, जेवण हाय का" एवढंच म्हटलं. वळून न बघता म्हणाली, "हाय की. आन् त्यो ज्वारीवाला कुठं ऱ्हायला?"

बघ, तुझी ओळख अजून तीच आहे. कराडहून पिशवीत ज्वारीचं पीठ आणून तू तिच्यापुढे ठेवलं होतंस, "तांदळाच्या भाकरीनं पोट भरत नाही" म्हणून. पाव शतक उलटलं तरी तिचा राग गेलेला नाही. आणि दिन्या, माझाही नाही. माझं आजही म्हणणं आहे की घाटमाथ्यावर, त्या पावसात, तांदळाची गरम भाकरी सोडून ज्वारी मागणारा माणूस कराडचाच असू शकतो.

काठवट तीच आहे. कडेला तडा गेला होता त्यावर आप्पांनी तांब्याची पट्टी ठोकलेली, ती आता झिजून चकचकीत झालीय. मावशीनं उकड मळली, हात गार पाण्यात बुडवून गोळा घेतला आणि थापायला लागली. पूर्वीसारखा झपाझप नाही, मधे एकदा थांबून श्वास घेतला. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग तवा उतरवून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला उभी केली. टम्म फुगली. सोबत कुळथाचं पिठलं, पाट्यावरचा ठेचा, ताक आणि भारंगीची भाजी. भारंगी पावसाच्या तोंडाचीच, कोवळी, उकडून पाणी पिळून टाकलेली, तरी शेवटी जिभेवर किंचित कडू राहते ना, तशीच. बाहेर ऐन-किंजळांवर पाऊस कोसळत होता आणि पत्र्याच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. साखरेचं तू बोलू नकोस.

आठवतं, 13 मार्च 1999? कोयना प्रकल्पाच्या टप्पा चारचं लेक टॅपिंग झालं, तळ्याच्या तळाशी स्फोट करून पाणी बोगद्यात घेतलं, आणि आपण दोघं रात्री अंगावरची धूळ न धुता तिच्याकडे आलो. आप्पांनी कोंबडी कापली होती. "माझं घर हाललं न्हाय, म्हंजी तुमचं काम बरं झालं," असं मावशी म्हणाली होती. भूकंप पाहिलेल्या बाईनं ते म्हणावं याचा अर्थ तेव्हा मला कळला नव्हता.

आता मूळ गोष्ट.

जेवण झाल्यावर तिनं पिठाच्या डब्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. "वाच," म्हणाली, "नातू म्हणतो बरं हाय. तू शिकलेला हायेस." भाडेपट्टा होता. लिहून देणार ती, लिहून घेणार पुण्याकडचा कुणी हॉटेलवाला. मुदत 29 वर्षं. भाडं महिना 15,000. भाडेवाढ "उभय पक्षांच्या संमतीने", म्हणजे त्याची संमती नसेल तर नाहीच. आणि एक कलम असं, की खानावळीचं नाव आणि मावशीचं छायाचित्र पाटीवर, जाहिरातीत वापरायचा हक्क त्याचा. ते वाचून माझं डोकं सणकलं. तिचा चेहरा पाटीवर लावणार आणि आत पनीर देणार!

मी तिला सगळं वाचून दाखवलं, एकेक ओळ. मग सातबारा मागितला. जागा अजून आप्पांच्या आणि त्यांच्या थोरल्या भावाच्या नावावर. वारसनोंद केलेलीच नाही. म्हणजे तिच्या एकटीच्या अंगठ्यानं काम होणारच नव्हतं. दोन्ही लेकींचा हिस्सा आहे, गेलेल्या मुलाच्या जागी नातवाचा आहे, आणि थोरल्या घराचा अर्धा वेगळाच. आधी तलाठ्याकडे वारसनोंद, मग फेरफार, मग वाटणी. हे मी सांगितलं ते बरोबरच होतं. इथंच थांबलो असतो तर आज झोप लागली असती.

पण ती म्हणाली, "माज्या बानं असाच अंगठा दिला हुता. धरणाचा कागूद. समदं गाव पाण्याखाली गेलं. भाऊबंद कुणी सोलापुराकडं, कुणी रायगडात. मी तवा पाळण्यात." तिच्या आधारवर जन्म 1 जानेवारी 1961 आहे, शाळेत न गेलेल्या सगळ्यांचा असतो तसा. ती स्वतः वय भूकंपावरून मोजते, सहा-सात वर्षांची होती म्हणते. डिसेंबर 67 मध्ये पहाटे भिंत पडली आणि आईनं तिला कणगीमागून ओढून काढलं. अशी बाई माझ्या तोंडाकडे बघत विचारते, "देऊ का अंगठा?" आणि मी म्हणालो, "नाही द्यायचा. अजिबात नाही."

तिनं मान हलवली, कागद पिशवीत घातला. विषय संपला. माझ्या शब्दावर संपला.

नातू बाहेर गाडीपाशी आला. पोरगा चांगला आहे, बावीस-तेवीसचा, खांद्यावर रेनकोट, दुधाचे कॅन उतरवत होता. आवाज न चढवता म्हणाला, "काका, तुम्ही वर्षातनं एकदाबी येत न्हाय. आजी पहाटे चारला उठती. धुरानं डोळं गेलं, चिपळूणच्या डॉक्टरनं मोतीबिंदू सांगितलाय, दमबी लागतो. पावसाळ्यात महिन्याला पंधरा हजार सुटत न्हायत. उद्यापास्नं भाकरी तुम्ही थापणार का?"

मी गाडीत बसून निघालो. कुंभार्लीची वळणं कशी उतरलो आठवत नाही. पोफळीला पोचलो तेव्हा लक्षात आलं, वायपर बंद होता.

दिन्या, तेव्हापासून हाच प्रश्न डोक्यात फिरतोय. मी नाही म्हणालो ते तिच्यासाठी की माझ्यासाठी? कागद वाईट होता हे नक्की. पण कागद चांगला असता, भाडं दुप्पट असतं, वाढीचं कलम नीट असतं, लेकींच्या सह्या असत्या, तरी मी हो म्हणालो असतो का? मला माहीत आहे, नसतो म्हणालो. मला ती चूल तिथं हवी आहे. धुक्यातून वळल्यावर तो धूर दिसायला हवा आहे. आणि त्यासाठी पासष्टीच्या घरातल्या बाईनं पहाटे चारला उठावं, असं मी न बोलता ठरवून टाकलं.

आता तू काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. मस्कतचं. बोल, या वेळी मी ऐकून घेतो. तुझ्या हातात ऑफर लेटर होतं आणि मी रात्रभर बसून तुला पटवलं की इथंच राहा, आई म्हातारी, सगळे इथंच. तू राहिलास. पुढे कंपनीनं आपल्याला घरी बसवलं आणि तू माझ्याशी चार वर्षं बोलला नाहीस. मी तेव्हा म्हणायचो, मी तुझ्या भल्याचंच सांगितलं. ते खरंही होतं. पण तू गेला असतास तर मी इथं एकटा पडलो असतो, हेही तितकंच खरं होतं. ते मी तुला कधी कबूल केलं नाही. आज करतो.

म्हणून तुलाच विचारतोय. माझी बायको म्हणते, "तुम्ही बरोबर सांगितलंत." तिला मस्कतची रात्र माहीत नाही.

मी एवढं केलंय: इथल्या ओळखीच्या वकिलांना विचारून वारसनोंदीचा अर्ज तयार करून घेतलाय. मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर करू, खर्च मी बघतो, असं नातवाला कळवलं. त्यानं फक्त अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ काय घ्यायचा? भाडेपट्टा द्यायचाच तर मुदत तीन वर्षं, दरसाल वाढ लिहिलेली, फोटोचं कलम काढलेलं, असा वेगळा मसुदाही करता येईल. तू त्या हॉटेलवाल्याशी बोललास तर बरं होईल, तुला व्यवहाराचं बोलता येतं. मी बोललो तर पाटीवरच्या फोटोवरून भांडण करून येईन.

तुझ्या धाकटीची परीक्षा कशी झाली? वहिनींचा गुडघा? घराचं छप्पर गळत होतं ते झालं का? सविस्तर लिही, मी खरंच वाचतो.

हॉटेलवाला 15 तारखेला पुन्हा येणार आहे. मी 12 ला शनिवारी निघतो, तू कराड स्टँडवर ये, सातला उचलतो. मावशीला विचारायचंय, आणि या वेळी आपण गप्प बसून तिला काय हवंय ते ऐकायचं. मला बोलू देऊ नकोस. टेबलाखालून लाथ मार, पूर्वी मारायचास तशी.

आणि पीठ आणू नकोस.

तुझा,
सुध्या

ता.क. आप्पांची उधारीची वही मावशीनं जपून ठेवलीय. त्यात तुझ्या नावावर 38 रुपये आहेत, त्यांच्याच अक्षरात. मी भरायला गेलो तर म्हणाली, "तुजं न्हाईत ते. त्येला येऊ दे."