क्ष-किरण का घटले असतील?

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. एसएस सिग्नाय या जोडताऱ्याच्या दुसऱ्या निरीक्षणात क्ष-किरण एकदम घटलेले दिसले, म्हणून ती नोंद उपकरणाचा दोष समजून वगळावी असे तू लिहितेस. त्याआधी त्या तारखेला तारा दृश्य प्रकाशात कसा होता ते पाहा.

हा रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारा, तारा माझ्या जुन्या ओळखीचा आहे. एरवी 12व्या प्रतीच्या (प्रतीचा आकडा मोठा तेवढा तारा मंद) आसपास असणारा, माझ्या 6 इंची दुर्बिणीतून जेमतेम दिसणारा हा तारा दर साधारण 50 दिवसांनी उद्रेक होऊन 8व्या प्रतीपर्यंत उजळला, की तो दाखवण्यासाठी मी तुझ्या आईला झोपेतून उठवत असे (त्याबद्दलची बोलणी मी अजूनही खातो). त्याच रात्री त्याचे कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेचे, क्ष-किरण मंदावलेले असत, हे मला फार उशिरा कळले.

साडेसहा तासांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करणाऱ्या या जोडीत सोबत्याचा वायू तबकडीतून गरगरत श्वेत बटूकडे, म्हणजे विझलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या दाट गाभ्याकडे, उतरतो. या उतरत्या वायूची सुमारे निम्मी ऊर्जा तबकडीतच निघून जाते. उरलेली, सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरणारा वायू पृष्ठभागालगतच्या अरुंद थरात मंदावतो तेव्हा बाहेर पडते. शांत काळात हा थर इतका विरळ असतो की त्याला उष्णता लवकर टाकता येत नाही, तो 10 कोटी अंशांहून अधिक तापतो आणि कठीण क्ष-किरण देतो. उद्रेकात वायूचा लोंढा आला की थर दाट होतो, तापमान काही लाख अंशांवर उतरते आणि बहुतेक ऊर्जा अतिनील किरणांच्या टोकाला सरकते. 1996च्या ऑक्टोबरात आरएक्सटीई (क्ष-किरण पाहणारा) आणि ईयूव्हीई (अतिनील किरण पाहणारा) या उपग्रहांनी हे प्रत्यक्ष पाहिले: दृश्य प्रकाशामागून सुमारे दिवसभराने क्ष-किरण वाढले, थोड्याच वेळात कोसळले आणि त्याच क्षणी अतिनील किरण उसळले. दृश्य प्रकाशाची बाजू तेव्हा आमच्यासारख्या हौशी निरीक्षकांनी सांभाळली होती, हे मुद्दाम लिहितो.

अॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची तुझी मृदू (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरणांची दुर्बीण 0.3 ते 8 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट एवढ्याच ऊर्जेचे किरण पाहते. उद्रेकातली बरीच ऊर्जा तिच्या खालच्या मर्यादेखालून निसटत असणार, आणि तारा तिला नुसता मंद वाटणार.

दिवाळीत येताना दोन्ही निरीक्षणांचे आलेख आण. तेव्हा संध्याकाळी हा तारा जवळजवळ डोक्यावर असतो. मी आरसा पुसून ठेवतो.

तुझे,
बाबा