चारा संपल्यावर पोहोचणारी मदत

महोदय,

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालकांचे वर्ष म्हणून जाहीर केले आहे. पूर्व आफ्रिकेतल्या भटक्या पशुपालकांना मिळणाऱ्या मदतीची चर्चा या निमित्ताने निधीच्या आकड्यांपुरती राहू नये, म्हणून हे पत्र. उत्तर केनिया, दक्षिण इथिओपिया आणि सोमालियाच्या बऱ्याच भागात पाऊस वर्षातून दोनदा येतो. २०२० च्या अखेरीपासून असे सलग पाच हंगाम कोरडे गेले आणि लाखो जनावरे दगावली. निधी अपुरा होता हे खरेच. पण आलेल्या निधीतलाही मोठा भाग अवेळी आणि एकमेकांना छेद देणाऱ्या कामांवर जातो, आणि हे टाळता येण्यासारखे आहे.

दुष्काळ एका रात्रीत येत नाही. पाणवठ्यांवर गर्दी वाढते, दूध आटते, मग गुरांचे भाव पडतात आणि धान्याचे चढतात. एका शेळीच्या किमतीत किती मका येतो, याची नोंद केनियाचे राष्ट्रीय दुष्काळ व्यवस्थापन प्राधिकरण दरमहा ठेवते, सोबत कुपोषण कळावे म्हणून लहान मुलांच्या दंडाचा घेरही. इशारा मिळतो, पण तो मिळताच पैसे सोडण्याचा अधिकार बहुधा कोणाकडेच नसतो. पाहणी, प्रस्ताव, मंजुरी यांतच हंगाम निघून जातो. कोणता आकडा कुठवर घसरला की किती रक्कम सुटेल, हे पावसाळा चांगला असतानाच लिहून ठेवायला हवे.

इशाऱ्याच्या टप्प्यावर सर्वांत मोलाचे काम म्हणजे विक्रीला हात देणे. २००६ मध्ये दक्षिण इथिओपियातल्या मोयाले भागात व्यापाऱ्यांना कर्ज मिळवून दिले, पशुपालकांशी त्यांची गाठ घालून दिली आणि सुमारे २०,००० गुरे विकली गेली. हाती आलेल्या पैशातून लोकांनी धान्य तर घेतलेच, शिवाय उरलेल्या जनावरांचा चारा, औषधे आणि वाहतूक यांवरही खर्च केला. हेच दोन महिने उशिरा केले तर व्यापारी फिरकत नाहीत, कारण हाडे निघालेले जनावर ट्रकचा प्रवास सोसत नाही.

त्यानंतर चारा, आणि इथे हिशेब मांडावाच लागतो. २५० किलोच्या गाईला नुसते तगून राहायला रोज सुमारे ५ किलो सुका चारा लागतो. शंभर गाई, ९० दिवस म्हणजे ४५ टन. सगळ्या कळपांना चारा पुरवायला निघालेली संस्था थोड्याच दिवसांत हात टेकते आणि जनावरे तरीही मरतात. म्हणून गाभण आणि दुभतीच निवडायची, आणि पाऊस पडल्यानंतर गवत वर येईपर्यंतचे दिवसही हिशेबात धरायचे. शेळी पाच महिन्यांत विते, गाईला नऊ लागतात, सांडणीला जवळपास तेरा. गेलेला उंटांचा कळप पुन्हा उभा करायला वर्षानुवर्षे जातात. इथिओपियाच्या सोमाली प्रदेशातल्या अभ्यासात दिसले की घराजवळच्या दुभत्या जनावरांना कोरड्या दिवसांत खुराक दिला, तर लहान मुलांना दूध मिळत राहते आणि त्यांचे पोषण सावरते. तरीही चारा आणि बालपोषण यांची खाती वेगळी, अधिकारी वेगळे, बैठका वेगळ्या.

समन्वय नसला की एक संस्था जनावरे विकायला सांगते आणि दुसरी त्याच वस्तीत सरसकट चारा वाटते. लोक साहजिकच विक्री थांबवतात. स्थानिक पशुसेवकाला औषधविक्रीवर उभे केले जाते, तेवढ्यात कोणीतरी फुकट औषधे वाटून त्याचा धंदा बसवते. सर्वांत टिकाऊ नुकसान होते ते कूपनलिकेने. पावसाळी कुरणात बारमाही पाणी नसते, म्हणूनच तिथल्या गवताला उसंत मिळते. तिथे पाणी काढले की वस्ती बसते आणि भोवतालची जमीन उघडी पडते. कुरणाचा वापर ठरवणाऱ्या ज्येष्ठांची संमती हा भूजल पाहणीइतकाच आवश्यक टप्पा मानावा.

शेळ्या-मेंढ्यांमधल्या पीपीआर रोगाची लस सहसा २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि विरघळवल्यावर काही तासांत संपवावी लागते. खंगलेल्या जनावरात तिचा प्रभाव नीट पडत नाही, म्हणून मोहीम दुष्काळ शिगेला पोहोचण्याआधीच हवी. तीही सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी, कारण केनियातल्या तुर्कानाचे कळप युगांडातल्या करामोजात चरायला जातात.

केनियातल्या मार्साबिटमध्ये २०१० पासून उपग्रहाला दिसणाऱ्या हिरवाईवरून भरपाई ठरवणारा पशुविमा सुरू झाला. कल्पना चांगली आहे. पण उपग्रहाला हिरवा रंग दिसतो, आणि गवत नसतानाही वेडी बाभूळ हिरवीच असते. ठरावीक ठिकाणी जमिनीवर गवत मोजून ते आकडे ताडून पाहिले नाहीत, तर नुकसान झालेला पशुपालक भरपाईविना राहतो आणि पुढच्या वर्षी हप्ता भरत नाही.

शेवटी कळप पुन्हा उभा करणे. इथिओपिया-केनिया सीमेवरच्या बोराना समाजात जनावरे गमावलेल्या कुटुंबाला कुळातून जनावरे देण्याची 'बुसा गोनोफा' ही रीत आहे. कुटुंबांची निवड तिच्यावर सोपवावी. संस्थेने कुरण सावरल्यावरच जनावरे द्यावीत, सोबत लस आणि कळप दूध देऊ लागेपर्यंतचे धान्य द्यावे. धान्य नसेल, तर मिळालेली शेळी महिन्याभरात बाजारात जाते.

आपले,
पशुवैद्यक व कुरण-अभ्यासकांचा एक गट