वहिनी, त्या बाटल्यांबद्दल

प्रिय वहिनी,

सा.न.वि.वि. तुम्ही आणि दादा इथून, जपानहून, पुण्याला परत गेलात त्याला या गणपतीत दीड वर्ष होईल. फोनवर बोलणं होतं, पण त्यात आभार मानायचे राहूनच जातात. म्हणून हे चार लोकांत लिहितोय. दारूच्या बाबतीत जाहीर आभार, आणि तेही थेंबभर न घेणाऱ्या बाईचे! दादा हसतील. हसू द्या.

दक्षिण जपानातल्या कागोशिमात बदली होऊन मला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. सुट्टीत गावी निघालो आणि दोडामार्गच्या मामासाठी 'जपानची दारू' म्हणून सुपरमार्केटमधून एक बाटली उचलली. दिसायला देखणी, किंमत माफक, वर 'शोच्यू', म्हणजे इथली गाळलेली दारू, असं लिहिलेलं तेवढं कसंबसं वाचता आलं. मामाने झाकण उघडलं, दोन थेंब तळहातावर चोळले, हुंगले आणि म्हणाला, "अरे, ह्यां तर दाक्तर सुई टोचूच्या आधी लावता तां!" काजूच्या भट्टीजवळ वाढलेला माणूस तो. मार्च-एप्रिलात पहिल्या धारेचा हुर्राक नाकाने ओळखणारा. माझी मान खाली.

परत आल्यावर तुमच्याकडे पोहे खाता खाता ही गोष्ट सांगितली, तर तुम्ही हसलाही नाहीत. "बाटली उलटी करून वाचली होतीस का?" एवढंच विचारलंत. मग माझ्या मोबाइलमधला फोटो मोठा करून मागच्या चिठ्ठीवरच्या एका ओळीवर बोट ठेवलंत. ती ओळ म्हणजे 'सलग गाळलेली शोच्यू'. कारखान्यातल्या उंच स्तंभातून पुन्हा पुन्हा गाळून वास-चव जवळजवळ धुऊन काढलेली. लोक तिला कोरुई म्हणतात. लिंबू-सोड्यात मिसळायला ती बरी असते, हेही तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत. पण ज्या मामाला भट्टीचा वास हवा, त्याच्यापुढे ती ठेवणं म्हणजे पुरणपोळीच्या नावाने मैद्याची चपाती वाढणं.

पाहायचा शब्द 'होनकाकु'. अस्सल, एकदाच गाळलेली. त्या दिवशी तुम्ही कागदावर सहा-सात चित्राक्षरं काढून दिलीत. तांदळाचं सोपं निघालं, अधिकच्या चिन्हाला चार कोपऱ्यांत चार काड्या. बाकीची जवाची, रताळ्याची, काळ्या गुळाची. आणि एक 'मिश्रण' या अर्थाचं, ते दिसलं की बाटली परत फळीवर ठेवायची, कारण तिच्यात अस्सलबरोबर ती धुतलेलीही मिसळलेली असते. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे, घडीवर फाटलाय.

तुम्ही दुभाषी म्हणून इथल्या एका भट्टीवर काम केलं होतंत, म्हणून तिथला दरवाजा आम्हाला उघडला. सप्टेंबरचा शेवट होता, रताळ्यांचा हंगाम. सरकत्या पट्ट्यासमोर सात-आठ बायका ओळीने बसलेल्या, हातात आखूड सुऱ्या. प्रत्येक रताळ्याची दोन्ही टोकं उडवायची, किडका-काळा भाग खरवडायचा, मोठं असेल तर दोन तुकडे. टोकं राहिली तर दारूला कडवट वास येतो, हे त्यांच्यातल्या एका आजींनी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही मला. रताळी आपल्यासारखी लाल नव्हती. बाहेरून मातकट पिवळी, आतून पांढरट. जात कोगाने-सेंगान. वाफेच्या पेटाऱ्याचं झाकण उघडलं आणि मी तिथल्या तिथे आषाढी एकादशीच्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरात पोचलो.

रात्री आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "रताळ्याची? म्हणजे उपवासाला चालते की काय?" तुम्ही माझ्या शेजारून लगेच, "काकू, कोजी तांदळाची असते हो, उपवास मोडतो!" आई त्यावर अजून हसते.

पण त्या एका वाक्यात खरी ग्यानबाची मेख होती. रताळं नुसतं आंबवून भागत नाही. त्यातल्या पिठाची साखर व्हावी लागते, आणि ते काम करते कोजी ही बुरशी. वाफवलेल्या तांदळावर ती वाढवतात, तिच्यात पाणी आणि यीस्ट घालून पाच-सहा दिवस आंबवतात, मग त्यात रताळी पडतात आणि आणखी आठ-दहा दिवस ते रटरटत राहतं. कागोशिमाच्या दमट उकाड्यात सगळं नासत कसं नाही, हा माझा प्रश्न होता. भट्टीवाल्यांनी पहिल्या टाकीतलं चमचाभर चाखायला दिलं. कच्च्या कैरीसारखं आंबट! काळी आणि पांढरी कोजी सायट्रिक आम्ल तयार करते, त्या आंबटपणात नासवणारे जंतू टिकत नाहीत. साके ही न गाळलेली तांदळाची दारू बनवतात ती पिवळी कोजी हे करत नाही, म्हणून ती थंडीची. पांढरी कोजी ही काळीचीच बदललेली जात, ती कावाची गेन्इचिरो यांना 1924 मध्ये इथेच कागोशिमात सापडली. काळीची दारू दमदार, पांढरीची मऊ, हे कागदावर वाचून कळत नाही. तुम्ही मला दोन पेले शेजारी शेजारी ठेवून हुंगायला लावलंत, आणि स्वतःसमोर बार्ली चहा.

आणखी एक प्रश्न तुमचा ठरलेला असायचा, "कसं गाळलंय?" साध्या दाबाला गाळलं की रताळ्याचा, जवाचा अंगचा वास उतरतो. दाब कमी करून गाळलं की मोरोमी, म्हणजे ते आंबवलेलं मिश्रण, पन्नासेक अंशांवरच उकळते आणि दारू हलकी, फुलासारखी निघते. नवख्याला दुसरी आवडते, पहिली आवडायला वेळ लागतो. मला सहा महिने लागले. आता पहिलीच लागते.

एवढं सगळं सांगून तुम्ही 'चांगली कोणती' हे मात्र कधी सांगितलं नाहीत. विचारलं की उलट प्रश्न, "कोणासाठी? जेवताना की जेवणानंतर? गरम पाण्यात की बर्फावर?" तेव्हा राग यायचा, खोटं कशाला बोलू. आता ऑफिसात नवीन आलेली मुलं मला विचारतात तेव्हा मीही असंच छळतो. कुमामोतोच्या हितोयोशीकडची 'कुमा' शोच्यू तांदळाची, मासळीबरोबर जाणारी. इकी बेटाची जवाची, त्यात दोन भाग जव आणि एक भाग तांदळाची कोजी असा जुना हिशेब. आमामी बेटांवर काळ्या गुळाची, आणि ती फक्त तिथेच करायची परवानगी. ही बेटं 1953 मध्ये अमेरिकेकडून जपानला परत मिळाली तेव्हा दिलेली सवलत ती, तांदळाची कोजी वापरायची या अटीवर. आणि कागोशिमाची रताळ्याची. ज्वालामुखीच्या राखेची ही जमीन भाताला उभं राहू देत नाही, रताळं मात्र पोसते. बाल्कनीत साकुराजिमा ज्वालामुखीची राख झाडताना तुम्ही म्हणायचात, "हीच बघ, बाटलीत उतरते."

इसा गावच्या देवळातल्या सुतारांची गोष्ट मी आतापर्यंत किमान वीस जणांना सांगितली असेल. 1559 मध्ये दुरुस्तीला आलेल्या त्या सुतारांनी लाकडावर लिहून ठेवलं, की इथला पुजारी इतका चिक्कू, एकदाही शोच्यू पाजली नाही. ते लाकूड लपलेलं राहिलं आणि आज 'शोच्यू' शब्दाचा तोच सर्वांत जुना लेखी पुरावा मानतात. साडेचारशे वर्षं टिकलेली तक्रार! आमच्याकडचा गवंडी फार तर चुन्यात बोट उमटवून जातो.

गरम पाण्याचंही तुमच्यामुळेच कळलं. पेल्यात आधी गरम पाणी, मग शोच्यू. म्हणजे ढवळावं लागत नाही. मी उलटं ओतलं तेव्हा दुकानातल्या आजोबांनी काही न बोलता माझा पेला उचलला आणि दुसरा करून दिला. सहा भाग शोच्यू, चार भाग पाणी. आणि पाहुणे येणार असतील तर दोन-तीन दिवस आधीच पाण्यात मिसळून ठेवायची, मग 'कुरोजोका' या काळ्या चपट्या किटलीत हळू गरम करायची. इथे संध्याकाळच्या घोटाला 'दारेयामे' म्हणतात, शीण थांबवणारं. आपल्याकडे श्रमपरिहार हा शब्द आहेच, पण तो पत्रिकेवरच छापतात.

आता मुख्य गोष्ट. मामासाठी पुढच्या वर्षी काय न्यावं म्हटल्यावर तुम्ही रताळ्याची नको म्हणालात. "तुझ्या मामाला फेणी कळते ना? मग आवामोरी ने." मला वाटलं, सहज बोललात. मग तुम्ही उलगडून सांगितलंत. ओकिनावाची आवामोरी, लांब दाण्याच्या थाई तांदळाची, काळ्या कोजीची, आणि तिच्यात सगळाच्या सगळा तांदूळ कोजी होतो. 'आवा' म्हणजे फेस. जुन्या काळी ती उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत आणि फेस किती चढतो, किती टिकतो यावरून जोर ठरवत, त्यावरूनच नाव पडलं असं एक मत. "आणि फेणी कशावरून? फेनावरूनच ना!"

मी कामानिमित्त ओकिनावातल्या नाहाला गेलो तेव्हा माकिशी बाजाराजवळच्या दुकानात तुमचा कागद काढून उभा राहिलो. निदान तीन वर्षं मुरलेली, म्हणजे कुसु, 43 टक्क्यांची. दुकानदाराने सांगितलं, शुरी भागात शंभर-दोनशे वर्षं मुरलेल्या कुसुचे घडे होते, 1945 च्या लढाईत गेले. सांगताना तो फडक्याने बाटली पुसत होता, पुसून झाली तरी पुसत होता.

यंदा मे महिन्यात मामाच्या पडवीत ती बाटली उघडली. आधी तळहातावर दोन थेंब. हुंगलं. काही बोलला नाही. मी तुमची फेसाची गोष्ट सांगितली तसा उठला, आतून दोन वाट्या आणल्या, एक हात डोक्याच्या वर नेला आणि बारीक धार सोडली. खालच्या वाटीत मोत्यांसारखे बुडबुडे चढले आणि कडेला चिकटून राहिले. मामा वाकून बघत होता, मामी दारातून मामाकडे बघत होती. अर्धा मिनिट तरी गेला असेल. मग पहिला घोट घेऊन त्याने विचारलं, "कोणी सांगल्यान तुका ह्यां?"

तुमचं नाव सांगितलं. त्या घेत नाहीत, हेही सांगितलं.

"तरीच," मामा म्हणाला. "फुडच्या टायमाक तेंका इचारल्याशिवाय बाटली हाडू नको."

तर वहिनी, डिसेंबरात येतोय. मामाने तुमच्यासाठी सोललेले काजूगर काढून ठेवलेत, आणि दादांसाठी जे ठेवलंय ते तुम्ही विचारू नका. मला मात्र आधी सांगून ठेवा, यावेळी गुळाची आणू की जवाची?

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी
कागोशिमा