दाराला खिसा

क्लीव्हलँड,
१२ एप्रिल

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, या गाडीत चष्मा ठेवायचा कुठे?" आणि मागून बाबा ओरडले, "नाकावर!" तेव्हा हसण्यात विषय गेला, पण फोन ठेवल्यावर मला राहवेना. जूनमध्ये गाडी तू घेऊन जाणार. तेव्हा डावीकडच्या दाराला खिसा शिवून बसवला आहे. उजवीकडचं दार तुझ्यासाठी ठेवलंय. ते कसं करायचं, एवढ्यासाठीच हे पत्र. फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच "हो हो, कळलं" म्हणतोस.

आपली एमजीबी म्हणजे इंग्लंडची छोटी स्पोर्ट्स गाडी, १९७० सालची, अमेरिकेसाठी बनवलेली. इंग्लंडमध्ये विकल्या गेलेल्या त्याच गाडीला डॅशबोर्डात ग्लव्ह बॉक्स होता. इथे १९६८ पासून सुरक्षेचे नवे नियम आले आणि कंपनीने अमेरिकेच्या गाड्यांना समोर जाडजूड गादी बसवली. टक्कर झाली तर डोकं त्यावर आपटावं म्हणून. लोक तिला 'अ‍ॅबिंग्डनची उशी' म्हणतात, कारण कारखाना इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डन गावचा. त्या उशीने ग्लव्ह बॉक्स गिळला. १९७२ च्या गाड्यांना तो परत मिळाला, पण आपली मधल्या काळातली. म्हणून इतकी वर्षं इन्शुरन्सचा कागद सीटखाली. तू आठवीत असताना टप काढून आपण हायवेवरून जात होतो आणि तो कागद उडाला, आठवतंय? बाबा अजूनही म्हणतात की तो मीच नीट खोचला नव्हता.

आता दाराला मुळात खिसा का नाही, ते ऐक. एमजीबीच्या आधीची गाडी एमजीए, तिच्या उघड्या टपाच्या गाडीला होता. त्या गाडीच्या दारात काच खाली-वर होतच नसे, वरून वेगळे पडदे लावायचे. त्यामुळे दार आतून पोकळ, आणि ती पोकळी म्हणजेच खिसा. बाहेरून हँडलही नव्हतं. हात आत घालायचा आणि खिशातली दोरी ओढायची. जुन्या मिनी गाडीच्या दारातही अशीच पोकळी. तिच्या काचा सरकत्या होत्या, म्हणून दारात हे एवढे मोठे कप्पे. काच फिरवून खाली घ्यायची सोय आली आणि खिशाची जागा काचेने घेतली. १९६२ ला एमजीबी आली ती फिरवायच्या काचा घेऊनच. म्हणजे दाराच्या आत आपल्याला जागा नाही. खिसा वरूनच लावायचा, सदऱ्याला लावतात तसा. चोरखिसा करायला जाऊ नकोस.

बाबांचा विरोध माहीत आहेच. "अ‍ॅबिंग्डनने दिला नाही, तर आपण कोण देणारे?" त्यांच्या दृष्टीने मूळ डोअर पॅडला, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूच्या आच्छादनाला, भोक पाडणं म्हणजे मूर्तीला खिळा ठोकणं. या बाबतीत मी त्यांचं ऐकलं, कारण त्यांचं बरोबर आहे. जुनी पॅडं चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली आहेत. त्यांच्यावरून कागदावर माप काढून ३ मिलिमीटर जाडीच्या प्लायची नवीन केली आणि काळं रेक्झिन चढवलं. कडांना आणि मागच्या बाजूला दोन हात वॉर्निश दिलं, कारण या दारांत पाणी येतंच. काचेच्या फटीतून आत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. ती भोकं पानापाचोळ्याने बुजली की दार आतून गंजतं. तू पॅड काढशील तेव्हा एक तार घालून ती मोकळी कर. आणि पुढच्या छोट्या तिकोनी काचेच्या खाली पत्र्यावर बारीक भेग दिसते का तेही बघ. एमजीबीच्या दारांचं ते जुनं दुखणं आहे.

पॅड काढताना आधी काच पूर्ण वर घे आणि तिचं हँडल कोणत्या दिशेला आहे त्याचा फोटो काढ. हँडलच्या मधोमध स्क्रू आहे, दार ओढायच्या पट्टीला दोन. बाकीचं पॅड कडेच्या स्प्रिंगच्या क्लिपांवर बसलेलं असतं. बोटांनी ओढू नकोस, प्लाय क्लिपपाशी फाटतो. रुंद पात्याची पट्टी क्लिपच्या अगदी शेजारी घालून एकेक क्लिप सोडव. मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला दिसेल. तो कचरा नाही! पाणी पॅडपर्यंत येऊ नये म्हणून तो असतो. पुन्हा नीट चिकटव.

शिवण्याआधी मी पुठ्ठ्याचा खोटा खिसा केला आणि कागदी टेपने आठ दिवस दाराला लावून ठेवला. पहिल्याच दिवशी कळलं की काचेचं हँडल फिरवताना बोटं खिशाच्या काठाला घासतात. तिसऱ्या दिवशी कळलं की दार लावल्यावर सीटची कड त्यावर दाबते. मग खिसा पुढे, पायांच्या बाजूला सरकवला आणि फुगवटा चार सेंटिमीटरवर आणला. तुझे पाय माझ्यापेक्षा लांब आहेत, तेव्हा तूही बसून बघ. माझ्या मापावर विसंबू नकोस.

शिवणकाम मात्र सांगलीच्या शिवणक्लासातलंच. बाजूंना कळी लावली, नाहीतर खिसा चपटा राहतो आणि हात आत जात नाही. तोंडाला नेफा केला आणि त्यात इलॅस्टिक घातलं, परकरात नाडी घालतो तसं. आतून फ्लॅनेल लावलं, दार आपटल्यावर किल्ल्या खडखडू नयेत म्हणून. तळाला पाणी निघून जायला दोन आयलेट, म्हणजे कडी बसवलेली भोकं, आहेत, कारण आपला टप पावसात कधी दगा देईल सांगता येत नाही. सगळीकडे दीड सेंटिमीटर माया सोडली आहे. रेक्झिनला कापडासारख्या टाचण्या लावायच्या नाहीत, टोचलेलं भोक कायमचं राहतं. कपड्यांचे चिमटे वापर. सुई १८ नंबरची, टाका लांब. बारीक टाका घातलास तर भोकांच्या रांगेवरच रेक्झिन फाटेल, स्टॅम्पच्या कागदासारखं. घडी नीट बसत नसेल तर आधी थोडा वेळ उन्हात ठेव.

एक चूक कबूल करते. पहिला खिसा मी पुढून स्क्रू मारून बसवला. स्क्रू अर्ध्या बोटाएवढा लांब होता. काच खाली घेतली आणि चर्रर्र आवाज आला. डाव्या काचेवर खालच्या बाजूला केसाएवढा ओरखडा आहे तो त्याचाच. काच वर असताना दिसत नाही आणि बाबांना अजून माहीत नाही. त्यानंतर उलट केलं. चपट्या डोक्याचे बोल्ट पॅडच्या मागून घातले, डोक्याखाली रुंद वायसर दिला, आणि नट पुढे, खिशाच्या आतल्या बाजूला, वर रेक्झिनची पट्टी. आता काचेच्या बाजूला काहीही टोकदार नाही. वायसर रुंदच घे, नाहीतर ओझ्याने प्लायमधलं भोक मोठं होत जातं. सगळं ओझं शेवटी त्या क्लिपांवर येतं, म्हणून खिशात पाने आणि स्क्रूड्रायव्हर कोंबायचे नाहीत. ते डिकीत. खिशात कागद, चष्मा, काच पुसायचं फडकं, टोलची चिल्लर. आजीच्या चंचीत होतं त्यापेक्षा जास्त काही नको.

पॅड परत बसवण्याआधी काच दहा वेळा खाली-वर कर आणि कान देऊन ऐक. मगच क्लिपा दाब. हँडल फोटोत होतं त्याच दिशेला लाव. दोन दारांची हँडलं वेगवेगळ्या दिशांना असली की बाबा गाडीत बसायला तयार होत नाहीत.

उजव्या दाराचे तुकडे मी बेतून ठेवले आहेत. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा डाव्याचाच कागद तसाच ठेवून कापले आणि दोन डावे खिसे झाले, क्लासात माझ्या पहिल्या झंपराला दोन्ही डाव्या बाह्या झाल्या होत्या तशा. आता कागद उलटा करून कापले आहेत, मागच्या बाजूने खडूच्या खुणा आहेत. निळ्या पिशवीत बोल्ट, वायसर, इलॅस्टिक, सगळं मोजून आहे. मशीनमध्ये काळा दोरा ओवून ठेवलाय. येशील त्या शनिवारी सकाळीच बस कामाला, दुपारी गॅरेजमध्ये ऊन येतं आणि चिकटवायचा गोंद फार लवकर सुकतो.

आणि येताना तुझा चष्म्याचा डबा घेऊन ये. रिकामा असला तरी चालेल. नेफ्यातून आत जातो का, ते बघायचंय.

तुझी
आई